यंत्राची परीक्षा कशी घेतात?

बाजारात माठ घ्यायला गेलेला माणूस काय करतो? माठ उचलतो, उजेडाकडे धरून आत डोकावतो आणि बोटाने टिचकी मारतो. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का, आणि भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा गेलेला. बैल घेताना त्याचे दात पाहतात, चार पावले चालवून बघतात. बियाणे आणले तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. वस्तू पारखून घ्यावी हे शहाणपण आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. ते आज्या-पणज्यापासून चालत आलेले आहे.

पण अलीकडे आपल्या घरात आणि गावात अशा वस्तू आल्या आहेत, की त्यांना टिचकी मारून काही कळत नाही. खिशातला मोबाइल फोन घ्या, रेशनच्या दुकानातले अंगठा घेणारे यंत्र घ्या, बँकेच्या भिंतीतले नोटा देणारे यंत्र घ्या किंवा डेअरीवरचा संगणकाला जोडलेला दुधाचा काटा घ्या. बाहेरून पाहिले तर हे सगळे नुसते डबे. त्यांना चालवतात त्या आत भरलेल्या सूचना. या सूचनांनाच सॉफ्टवेअर म्हणतात, आणि त्या लिहिणे हा माझा रोजचा धंदा आहे. लिहिलेल्या सूचना बरोबर आहेत की नाहीत हे आम्ही कसे तपासतो, ती तपासणी कुठे अपुरी पडते, आणि अपुरी पडली म्हणजे कुणाचे काय जाते, हे आज थोडक्यात सांगायचे आहे.

पहिल्याने संगणकाचा स्वभाव समजून घेऊ. संगणक हा सांगकाम्या गडी आहे. 'दाराकडे नीट लक्ष ठेव' असे धन्याने बजावले, म्हणून दारच उखडून खांद्यावर टाकून जत्रेला गेलेल्या गड्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. संगणकाची जात तीच. सांगितलेले तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो, न सांगितलेले कधीच करत नाही, आणि चुकीचे सांगितले तर तेही तितक्याच निष्ठेने करतो. माणूस नोकर असता तर 'मालक, हे काही बरोबर दिसत नाही' असे एखाद्या वेळी तरी म्हणाला असता. संगणक तसे म्हणत नाही. म्हणून पुढे काय काय घडू शकेल हे सगळे सूचना लिहिणाऱ्यानेच आधी मनात आणावे लागते. आणि सगळे काही कुणाच्याच मनात येत नाही. मेख आहे ती इथेच.

एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने २००६ मध्ये झून नावाचे, गाणी ऐकण्याचे, खिशात मावणारे यंत्र बाजारात आणले. त्याच्या पहिल्या नमुन्याची यंत्रे दोन वर्षे बिनतक्रार चालली. मग ३१ डिसेंबर २००८ हा दिवस उजाडला आणि ठिकठिकाणची ही यंत्रे एकाएकी गोठली. गाणे नाही, बटणाला दाद नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जानेवारीला, बॅटरी पूर्ण उतरवून यंत्र पुन्हा सुरू केले की ते पूर्वीसारखे चालू लागे. एखाद्याला ही भुताटकीच वाटावी!

पण यात भुताटकी काही नव्हती, हिशेबाची गोम होती. हे यंत्र १ जानेवारी १९८० पासून किती दिवस झाले ते मोजत असे आणि त्यावरून चालू साल काढत असे. रीत साधी होती. दिवसांच्या एकूण आकड्यातून एकेका वर्षाचे दिवस वजा करत जायचे, साध्या वर्षाचे ३६५ आणि लीप वर्षाचे ३६६. यंत्राला सांगितले होते, की हातात ३६५ पेक्षा जास्त दिवस उरले असतील तोवर काम चालू ठेव. साल लीप असेल, तर हातातले दिवस ३६६ पेक्षा जास्त असले तरच ३६६ वजा कर. आता २००८ हे लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा नेमका ३६६ वा दिवस. हातात उरले ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त, म्हणून थांबायचे नाही. पण ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाबाकीही करायची नाही. मग करायचे काय? ते कुणी सांगितलेच नव्हते. यंत्र बिचारे घाण्याच्या बैलासारखे तिथल्या तिथे फिरत राहिले.

या गोष्टीत आमच्या धंद्याचे सारे मर्म आले आहे. 'शितावरून भाताची परीक्षा' असे आपण म्हणतो, आणि भाताच्या बाबतीत ते खरेही आहे. एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच जाळावर शिजलेला भात, तेव्हा एक शीत दाबून पाहिले की सगळ्यांचे कळते. लोखंडी पुलाचेही तसेच. दहा टनांची गाडी ज्या पुलावरून सुखरूप गेली, त्यावरून नऊ टनांची जाईल असे आपण बेलाशक म्हणतो. पण सॉफ्टवेअरमध्ये हा न्याय चालत नाही. ३६४ वा दिवस ठीक, ३६५ वा ठीक, आणि ३६६ व्याला सगळे ठप्प! इथे प्रत्येक शीत जणू वेगळ्या चुलीवर शिजलेले असते. शेजारचे मऊ झाले म्हणून हे झाले असेलच, असा भरवसा देता येत नाही.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक शीत दाबून पाहा. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर करून दाखवावे. समजा, एखाद्या फोनमध्ये चालू किंवा बंद करायच्या दहा कळा आहेत. त्यांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर दोनाचा दहावा घात, म्हणजे १,०२४ वेळा तपासावे लागेल. कळा वीस असतील तर १०,४८,५७६ वेळा. आणि तीस झाल्या तर १०७ कोटींहून अधिक वेळा. दर सेकंदाला एक, अशी रात्रंदिवस तपासणी केली तरी चौतीस वर्षे लागतील. खऱ्या फोनमध्ये अशा कळा तिसाहून कितीतरी जास्त असतात. म्हणजे सगळे तपासणे हे माणसाच्या आवाक्यातले काम नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा या नेदरलंड्समधल्या संगणकशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच बजावून ठेवले होते, की तपासणीने दोष आहे हे दाखवता येते, दोष नाही हे मात्र कधीच दाखवता येत नाही.

मग तपासणारे करतात तरी काय? निवड करतात. सगळे तपासता येत नाही, तेव्हा दोष जिथे दबा धरून बसण्याचा संभव जास्त, तिथे आधी काठी आपटायची. शेतकरी साप शोधताना उघड्या माळावर शोधत नाही, बांधाच्या कपारीत आणि गवताच्या गंजीखाली शोधतो. सॉफ्टवेअरमधल्या अशा कपारी अनुभवाने ठाऊक झालेल्या आहेत.

पहिली कपार म्हणजे काठ. झूनची गोष्ट काठाचीच होती. परीक्षेत पास व्हायला ३५ गुण लागतात असे धरू. निकाल लावणारा प्रोग्राम तपासायचा, तर ६० आणि ७० गुण घालून पाहण्यात फारसा अर्थ नाही. ३४, ३५ आणि ३६ घालून पाहा. शून्य घाला, शंभर घाला, १०१ घालून पाहा आणि यंत्र 'हे चुकीचे आहे' असे म्हणते का ते बघा. मुलगा गैरहजर असला तर काय होते? गैरहजर म्हणजे शून्य नव्हे. हा फरक मास्तरांना कळतो, पण यंत्राला कुणी सांगितला आहे का?

दुसरी कपार म्हणजे सांधा. बैलगाडीचे चाक सुताराने उत्तम केले, आस लोहाराने उत्तम केला, पण चाकाचे भोक आणि आसाचे टोक जुळले नाही तर गाडी चालायची कशी? अमेरिकेने मंगळाकडे पाठवलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी असेच हातचे गेले. पृथ्वीवरच्या एका प्रोग्रामने रेट्याचा आकडा पौंडाच्या मापात दिला आणि दुसऱ्याने तो मेट्रिक माप समजून घेतला. दोघेही आपापल्या जागी चोख होते. आपल्याकडे शेर-पायली जाऊन किलो आले, तेव्हाच्या बाजारातले घोळ ज्यांनी पाहिले-ऐकले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

तिसरी कपार म्हणजे दुरुस्ती. एक भोक बुजवताना दुसरे पडते. आपल्या फोनवर अधूनमधून 'नवी आवृत्ती घ्या' असा निरोप येतो. त्यात जुन्या चुका सुधारलेल्या असतात, क्वचित नव्या घातलेल्याही असतात. थंड मुलखात घर ठराविक उबेवर ठेवण्यासाठी भिंतीवर एक यंत्र बसवतात. नेस्ट नावाच्या अशा यंत्राला डिसेंबर २०१५ मध्ये दुरुस्त सूचना पाठवण्यात आल्या. त्यांतल्या दोषाने पुढे काही यंत्रांची बॅटरी उतरून गेली आणि जानेवारीच्या ऐन थंडीत लोकांची घरे गार पडली. म्हणून जाणता कारागीर दुरुस्ती केल्यावर फक्त दुरुस्त झालेला भाग पाहत नाही. काल जे जे चालत होते, ते ते आजही चालते ना, हे पुन्हा पहिल्यापासून तपासतो. काम कंटाळवाणे खरे. म्हणून ते हल्ली यंत्राकडूनच करून घेतात. तपासणीच्याही सूचना लिहून ठेवायच्या आणि प्रत्येक बदलानंतर त्या सगळ्या चालवायच्या.

पण तपासणाऱ्याला कोण तपासणार? दुकानदाराच्या तराजूत पासंग असला तर माल कितीही वेळा तोला, वजन चुकीचेच यायचे. म्हणून आमच्यात एक चांगला रिवाज आहे. दोष सापडला की तो दुरुस्त करण्याआधी त्याची परीक्षा लिहायची आणि त्या परीक्षेत प्रोग्राम नापास होतो हे डोळ्यांनी पाहायचे. मग दुरुस्ती करायची आणि तो पास होतो का ते पाहायचे. जी परीक्षा कधी कुणाला नापास करत नाही, तिच्या प्रमाणपत्राला काय किंमत? १९ जुलै २०२४ रोजी जगातले सुमारे ८५ लाख संगणक एकदम कोलमडले. विमानतळ, इस्पितळे, बँका अडकून पडल्या, आणि आपल्याकडेही विमानाच्या उतारूंना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. संगणकांचे संरक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फायलीचा हा प्रताप होता. ती फाइल पाठवण्यापूर्वी तपासली गेली होती. पण तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच खोट होती, म्हणून त्याने ती पास केली. त्यातून ती जगभर एकदमच धाडली गेली. नवे खत आपण आधी एका वाफ्याला घालून बघतो आणि मग सगळ्या रानाला देतो. तेवढी सबुरी इथे धरली असती, तर नुकसान वाफ्यापुरते राहिले असते. पुढे त्या कंपनीनेही टप्प्याटप्प्याने पाठवण्याची हीच रीत धरली.

चौथी कपार सर्वांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे वापरणारा माणूस. यंत्र शहरातल्या गार खोलीत बनते आणि वापरले जाते उन्हात, धुळीत, वीज जात-येत असताना. बनवणाऱ्याची बोटे मऊ असतात. ज्याने आयुष्यभर ऊस तोडला किंवा विटा उचलल्या, त्याच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात आणि अंगठा घेणारे यंत्र त्याला ओळखत नाही. त्यात त्या माणसाचा काय अपराध? ज्याच्यासाठी यंत्र केले, त्याच्याच हाताने ते तपासले पाहिजे.

भाषेचीही तीच कथा. फेब्रुवारी २०१८ मध्ये असे आढळले, की तेलुगू लिपीतले एक जोडाक्षर निरोपात आले की आयफोनवरचा तो निरोपांचा कारभार कोसळतो आणि पुन्हा उघडू म्हटले तरी उघडत नाही. अक्षर कोणते म्हणाल, तर ज्ञानातला 'ज्ञा'! कोट्यवधी लोक जे अक्षर रोज लिहितात, त्याने महागातला फोन आडवा व्हावा! कंपनीने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली ही गोष्ट वेगळी. आपल्या मराठीतही अशा जागा आहेत. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' हे दोन शब्द पाहा. पहिला गुरू, दुसरा स्वयंपाकी. हा अर्ध्या 'र'चा फरक मराठी न जाणणाऱ्या तपासनिसाच्या ध्यानात येणे कठीण. त्याने यंत्र पास केले, तर स्वयंपाक्याचा पगार गुरुजींच्या नावे लागायचा. मराठी शाळेसाठी घेतलेल्या कोणत्याही संगणकावर असे पाच-दहा शब्द आधी लिहून बघावेत, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

आतापर्यंत सांगितले ते बहुतेक नुकसान सोसण्यासारखे होते. कुणाचे गाणे थांबले, कुणाचे विमान चुकले. आता मी जी हकीगत सांगणार आहे ती तशी नाही, आणि खेड्यापाड्यांतल्या मंडळींनी ती मुद्दाम ऐकण्यासारखी आहे.

ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसे खाजगी दुकानदार चालवतात. किराणा, वर्तमानपत्रे आणि त्याच दुकानात पोस्टाची खिडकी. गावातला विश्वासाचा माणूस म्हणजे हा पोस्टमास्तर. हिशेबात तूट आली तर ती त्याने पदरची भरायची, असा करार असे. १९९९ पासून या कचेऱ्यांत होरायझन नावाची संगणक योजना बसवण्यात आली. झाले काय, की कित्येक ठिकाणी संध्याकाळी हिशेब जुळेना. पेटीत रोकड बरोबर मोजावी आणि संगणकाने सांगावे, की हजार पौंड कमी आहेत, कुठे पाच हजार, कुठे वीस हजार. लोकांनी मदत मागितली, तेव्हा अनेकांना उत्तर मिळाले, की असे फक्त तुमच्याकडेच होते आहे. कुणी बायकोचे दागिने मोडले, कुणी घर गहाण टाकले आणि तूट भरली. भरता आली नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली. त्यांतले सुमारे ७०० खटले पोस्ट खात्याने स्वतःच चालवले होते. कित्येकांना तुरुंग पाहावा लागला. गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून काहींनी जीवही दिला.

न्यायालयाने असे कसे मानले? तिथे १९८४ च्या कायद्याप्रमाणे संगणकाचा कागद पुराव्यात आणायचा, तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट काढून टाकली. मग उलटे सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबरच, असे धरले जाऊ लागले. आता सांगा, दुकानाच्या खिडकीत बसलेल्या माणसाने संगणकाच्या पोटात काय चुकले हे सिद्ध करायचे कसे?

दोष किती साधे होते त्याचा एक नमुना पाहा. स्कॉटलंडमध्ये डालमेलिंग्टन नावाचे गाव आहे. २०१५ मध्ये तिथल्या पोस्टातून ८,००० पौंडांची रोकड दुसऱ्या खिडकीकडे पाठवल्याची नोंद करायची होती. कळ दाबली, पण पडदा हलेना. म्हणून कळ पुन्हा दाबली गेली. पडदा अडकलेला दिसत होता, पण आत प्रत्येक दाबासरशी नवी नोंद होत होती. नोंद झाली ३२,००० पौंडांची आणि २४,००० पौंडांची तूट नसताना दिसू लागली. पडदा हलला नाही तर कळ पुन्हा दाबायची, हे तर कुणीही करील. फोनवरून पैसे पाठवताना चक्र नुसते फिरत राहिले, की आपलेही बोट पुन्हा त्याच बटणाकडे जाते. यावर तोड फार जुनी आणि सोपी आहे. पावतीपुस्तकात प्रत्येक पावतीला क्रमांक असतो, त्याप्रमाणे प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा. त्याच क्रमांकाची नोंद दुसऱ्यांदा आली, तर 'ही आधीच झाली आहे' म्हणून सोडून द्यायची. आणि तपासणीही सोपी आहे. कळ एकदा दाबून पाहू नका, अधीर माणसासारखी चार वेळा दाबा.

या प्रकरणात ॲलन बेट्स या वेल्समधल्या पोस्टमास्तराने पिच्छा सोडला नाही. त्याचे पोस्ट २००३ मध्येच काढून घेण्यात आले होते. त्याने आपल्यासारखे इतर शोधले, त्यांना एकत्र केले आणि ५५५ जण मिळून उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल लागला. होरायझनमध्ये दोष होते, त्या दोषांनी खोटी तूट दिसू शकत होती, आणि पोस्टमास्तराला न कळता त्याच्या हिशेबात दुरून फेरफार करणेही शक्य होते, असे न्यायाधीशांनी नमूद केले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांना एकाच दिवशी निर्दोष ठरवले. २०२४ मध्ये तर संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा सरसकट रद्द केल्या. परंतु गेलेली वीस वर्षे कोणत्या कायद्याने परत येणार?

मला या हकीगतीतून जे दिसते ते असे. दोष प्रत्येक यंत्रात असतात, होरायझनमध्येही होते, यात जगावेगळे काही नाही. घात झाला तो तक्रार करणाऱ्या माणसाला चोर आणि यंत्राला साव मानल्यामुळे. पोस्टमास्तर रोज संध्याकाळी जे सांगत होते, तीच तर खरी तपासणी होती! शेकडो गावांतून, शेकडो हातांनी, फुकट चाललेली तपासणी. तिचा निकाल कागदावर लिहून घेतला असता आणि एकाचा दुसऱ्याशी ताडून पाहिला असता, तर दोष पहिल्या दोन-चार वर्षांतच हाती लागले असते. तपासणी कारखान्यात संपत नाही. वस्तू लोकांच्या हाती गेली म्हणजे तिचा सर्वांत मोठा भाग सुरू होतो.

म्हणून शेवटी, आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, तक्रार नेमकी करा. नुसते 'यंत्र बिघडले' असे सांगून बनवणाऱ्याला काही उमगत नाही. मी काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, ही तीन वाक्ये लिहा. दिवस आणि वेळ लिहा. पडद्यावर काही अक्षरे आली असतील, तर ती जशीच्या तशी उतरून घ्या. असली तीन ओळींची चिठ्ठी आम्हाला सोन्याच्या मोलाची वाटते.

दुसरी, आपला कागद आपल्याजवळ ठेवा. डेअरीची चिठ्ठी, रेशनची पावती, बँकेचा निरोप जपा आणि जमल्यास स्वतःच्या वहीत आकडा टिपून ठेवा. यंत्राचा हिशेब ताडून पाहायला दुसरा हिशेब लागतो. तो दुसरा हिशेबच नसेल, तर यंत्र म्हणेल ते खरे मानावे लागते.

तिसरी, एकटे राहू नका. 'असे फक्त तुमच्याकडेच होते' हे उत्तर मिळाले, की शेजारच्या गावात विचारून या. दोन गावांत एकच बिघाड निघाला, तर तो माणसाचा नसून यंत्राचा असण्याचा संभव मोठा.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी आणि कचेरीत खिडकीपाशी बसणाऱ्यांसाठी. समोरचा माणूस म्हणतो 'माझा आकडा बरोबर आहे', तेव्हा 'संगणक दाखवतो तेच खरे' असे म्हणून खिडकी बंद करू नका. त्याचे म्हणणे लिहून घ्या आणि वर पाठवा. तो चुकत असेल, हे शक्य आहे. पण यंत्रही चुकत असेल, हे तितकेच शक्य आहे, आणि यंत्राला स्वतःची चूक सांगता येत नाही. मुलांनाही हे शिकवावे. निकालाचा प्रोग्राम, गणकयंत्र, फोनवरचा शब्दकोश, काहीही त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि म्हणा, 'हे कुठे चुकते ते शोधून काढा.' मुले फार आनंदाने शोधतात, आणि पडद्यावरचा आकडा म्हणजे देवाचा कौल नव्हे, हे खेळता खेळता त्यांच्या मनात पक्के बसते.

आपले यंत्र बाजारात जाताना 'सगळे तपासले आहे' असे कोणत्याही प्रामाणिक कारागिराला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. तो इतकेच म्हणू शकतो, की मला सुचले तेवढे तपासले, उरलेले तुम्ही सांगा म्हणजे ऐकेन. असे ऐकणारा कारागीर आणि असे सांगणारा गिऱ्हाईक, दोघे भेटले तरच यंत्र सुधारते.